वच्छलाची जबानी

१८ जून १९७८, रविवार

आजपासून मी विद्यार्थी झालो. वय चौतीस, दोन लेकरांचा बाप, दाढीत पांढरे केस दिसायला लागलेले. तहसील कचेरीसमोर लिंबाखाली पेटी मांडून बारा वर्षं लोकांचे अर्ज लिहिले, पण लोकांच्या लेखी अर्जनवीस म्हणजे नुसता हात. डोकं वकिलाचं, हात जानरावचा. आता विद्यापीठानं ‘कायदा सहायक’ नावाचा प्रमाणपत्राचा वर्ग काढला आहे. दर रविवारी वाशीमला एका शाळेत बसायचं आणि मार्चात परीक्षा द्यायची. गोरगरिबांना कोर्टाची वाट दाखवणारी माणसं तयार करायची आहेत म्हणे. आम्ही सव्वीस जण आहोत. मॅट्रिक होऊन सगळ्यांत जास्त वर्षं झालेला मीच, त्यामुळे पहिल्या बाकावर मलाच बसवलं.

शिकवायला फुलचंद वकील आहेत. बुटका माणूस, बोलणं हळू, तपकिरीची डबी सारखी हातात. रोज चार ओळी लिहायची सवय लावून घ्या म्हणाले, म्हणून ही वही.

संध्याकाळी अनसिंगला परत आलो तर बाबा अंगणातच बसले होते. “काय शिकला?” मी त्यांना हक्क म्हणजे काय ते समजावून सांगितलं. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “हे तं मले छप्पन सालीच समजलं. तुले आता समजून राह्यलं?” दीक्षा घेऊन आल्या दिवशी त्यांनी देव्हाऱ्यातले देव टोपल्यात भरून नदीत सोडले होते, ती गोष्ट मग पुन्हा एकदा झाली.

माझी बहीण वच्छला ज्वारी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “भाऊ, नवऱ्यानं टाकून देल्लेल्या बाईचं हाय का काई त्याच्यात?” असेलच, मी म्हटलं. तिनं पुन्हा विचारलं नाही.

२ जुलै, रविवार

आहे! फौजदारी प्रक्रिया संहिता, कलम एकशे पंचवीस. ऐपत असून नवऱ्यानं बायकोला सांभाळलं नाही तर कोर्ट तिला महिन्याचा खर्च बांधून देतं. लेकरांनाही देतं, औरस असो की अनौरस. अनौरस म्हणजे बिनलग्नाचं. केवढं मोठं मन त्या कायद्याचं! मी ते पान दुमडून ठेवलं आणि एस.टी.त तीनदा वाचलं.

वच्छलाचं लग्न सहासष्ट साली धनजच्या चंपतशी झालं. तेव्हा तो बेकार होता, मग सरकारी कचेरीत कारकून झाला. दोन वर्षांपूर्वी पोळ्याला तिला आणि तिच्या गौतमीला इथं सोडून गेला, आठ दिवसांनी न्यायला येतो म्हणून. आज त्याच्या घरात दुसरी आहे. बाबा दोनदा जाऊन आले. समाजाची बैठकही बसली. चंपतनं चारचौघांत सांगितलं, मी काही लिहून दिलेलं नाही.

कलम वाचून दाखवलं तेव्हा वच्छला म्हणाली, “मी नांदवा म्हनत नाई. पैशाचं बी जाऊ दे, दोन हात हायेत मले. पन शाळंत गौतमीले मास्तरीन इचारते, तुहा बाप कोन, मंग तो कुठी राह्यते. नऊ वर्साची पोट्टी काय सांगन? कोर्टानं एका कागदावर लिहून द्याव, का मी त्याची लग्नाची बायको हाय. बस.”

मी म्हटलं, तेवढं तर मी तुला दिवाळीच्या आत आणून देतो.

९ जुलै, रविवार

फुलचंद वकील वच्छलाचं काम चालवायला तयार झाले, फी न घेता. वर म्हणाले, हेच तुमचं प्रात्यक्षिक समजा. घरातल्या प्रत्येक माणसाची जबानी वेगवेगळी घ्या. एकाची दुसऱ्याला ऐकवू नका, आणि मधे बोलू नका.

घरी येऊन लगेच बसलो. बाबांची जबानी सात पानं झाली, त्यातली पाच छप्पन सालाची. लग्न लावणारे उकंडराव गुरुजी शेजारीच राहतात, त्यांची दोन पानं. तथागताची तसबीर, मेणबत्ती, पांढरी वस्त्रं, त्रिशरण, पंचशील, हार घातले, लोकांनी फुलं टाकली, संपलं लग्न. वच्छलाची जबानी पाऊण पान. ती एकेक शब्द तोलून बोलत होती.

माय दारात उभी राहून पाहत होती. “अन् माही?” म्हणाली. मी तिला साक्षीदार म्हणजे काय ते सांगितलं. सांगोवांगी चालत नाही, तारीख-वार लागतो, उलटतपासणीत वकील गोंधळात पाडतो. “तुला स्वतःचं वय तरी सांगता येतं का?” असं विचारलं, तेव्हा माझी बायको लिलाबाईही हसली. माय म्हणाली, “वय नाई सांगता येत. पन पाह्यलेलं सांगता येते ना.” ती पुढं काही बोलणार तेवढ्यात वच्छला आतून ओरडली, माय, दूध उतू चाललं. मी जाऊन पाहिलं तर चुलीवर दूध नव्हतंच. या पोरीचं लक्ष हल्ली थाऱ्यावर नसतं.

११ जुलै, मंगळवार

लग्नपत्रिका सापडते का म्हणून मायची पत्र्याची पेटी उपसली. पत्रिका मिळाली नाही. तळाशी एक पिवळा पंचा मिळाला, त्याला लाल लुगड्याची चिंधी गाठ मारून बांधलेली, गाठीत सुपारी आणि हळकुंड. बावीस वर्षं झाली तरी ही बाई असलं काही जपून ठेवते! मी आवाज न चढवता तिला समजावलं. म्हटलं, माय, आपण कोर्टात सांगणार की जुनं सगळं सोडलं, आणि घरात हे? उद्या कोणी पाहिलं तर आपलं बोलणं खोटं पडेल. आणि बाबांच्या नजरेस आलं तर?

असं म्हणून चुलीत टाकलं. तिनं माझं मनगट धरलं होतं, पण बाहेर बाबांचा खोकला ऐकू आला तसं सोडून दिलं. वच्छला दारात उभी होती. कापड दमट होतं, धूर फार झाला. दोघींच्याही डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

३१ जुलै, सोमवार

अर्ज दाखल झाला. अक्षर माझं, मजकूरही बहुतेक माझा. त्यातलं एक वाक्य लिहिताना ऊर भरून आला होता: ‘सदर विवाह बौद्ध पद्धतीने झाला असून जुन्या रूढीचा कोणताही विधी, अंतरपाट, होम वा फेरे, करण्यात आलेला नाही.’

फुलचंद वकिलांनी त्या वाक्यावर बोट ठेवलं. “हे कशाला? विचारल्याशिवाय सांगू नये.” मी म्हटलं, साहेब, हे वाक्य गेलं तर बाबा अर्जाला हात लावू देणार नाहीत. त्यांनी डबी बंद केली. “घरातल्या सगळ्यांच्या जबान्या घेतल्या?” मी म्हटलं, घेतल्या. मायची नाही घेतली, पण एवढ्या तेवढ्यासाठी त्यांना कशाला अडवायचं.

१८ सप्टेंबर, सोमवार

चंपतचं उत्तर आलं. त्यात तो म्हणतो:

ही बाई माझ्या घरात राहत होती हे कबूल. मुलगी माझी हेही कबूल. पण आमचं लग्न झालेलं नाही. कायद्यानं लग्न होतं ते सप्तपदीनं, किंवा जातीच्या चालत आलेल्या रूढीनं. यातलं काहीच झालं नाही, असं अर्जदारीणच लिहून देते.

माझंच वाक्य. अवतरण चिन्हात, खाली रेघ मारून.

फुलचंद वकिलांनी समजावलं तेव्हा त्यांचा आवाज आणखी हळू झाला होता. रूढी पिढ्यान्‌पिढ्यांची लागते. आमची रीत लग्नाच्या वेळी दहा वर्षांची. तिला रूढी म्हणायची की नाही, यावर कोर्टाकोर्टांत दोन मतं आहेत, आणि विरुद्ध बाजू आपल्या सोयीचं मत पुढं ठेवणार. “जानराव, नीट आठवून सांगा. जुन्यातलं काही एक तरी झालं होतं का? नुसते सात फेरे? तेवढ्यावर आपण उभे राहू शकतो.”

मी सांगितलं, नाही. बारा वर्षं हे ‘नाही’ ताठ मानेनं सांगत आलो. आज तेच ‘नाही’ आमच्यावर उलटलं.

२० सप्टेंबर, बुधवार

बाबांना सगळं सांगितलं. त्यांनी मला ते उत्तर पुन्हा एकदा वाचायला लावलं. मग म्हणाले, “त्या कोर्टाले सांगजो, आमाले माणूस व्हयाले पिढ्या नाई लागल्या. एका दिवसात झालो आमी. मंग लगन काहून नाई व्हत एका दिवसात?”

लिलाबाई वाढताना म्हणाली, “तुमी मायले इचारलं का?” मी म्हटलं, माय काय सांगणार, मंडपात ती नव्हतीच. ती सगळा वेळ मागच्या घरात बायकांमध्ये होती. लिलाबाई म्हणाली, “म्हनून तं म्हनतो.” बायकांच्या बोलण्याला शेंडा ना बुडखा.

१२ नोव्हेंबर, रविवार

वर्गात आज ‘पुरावा’ शिकवला. माझं लक्ष नव्हतं. पुढच्या मंगळवारी साक्षी आहेत.

१९ नोव्हेंबर, रविवार

लिहायला लाज वाटते, पण या वहीत खोटं लिहायचं नाही असं ठरवलं आहे.

आज मी वच्छलाला खोटी साक्ष द्यायला सांगितलं. बाबा उकंडराव गुरुजींकडे गेले होते. ती गोवऱ्या रचत होती. म्हटलं, वच्छे, कोर्टात विचारतील, फेरे झाले का. तू म्हण, झाले. घरात झाले, गुपचूप झाले, काहीही म्हण. कोण बघायला होतं?

तिनं हातातली गोवरी खाली ठेवली. मग हसायला लागली, इतकी की खाली बसली. मला वाटलं रडते आहे. हसणं थांबल्यावर म्हणाली, “बाबा तठीच बसले राह्यतीन ना, भाऊ? पुढच्याच बाकावर?”

मी म्हटलं, हो.

“मंग कशी म्हनू?”

माझी मान खाली गेली. पाच महिने कायदा शिकलेला मी, आणि खरेपणा शिकवला तिनं. चौथी पास बहीण. तिच्याविषयी एवढा अभिमान आणि एवढी काळजी एकाच वेळी कधी वाटली नव्हती.

२१ नोव्हेंबर, मंगळवार

बाबांनी धुवून आणलेलं पांढरं धोतर नेसलं होतं. शिपाई ईश्वराची शपथ सांगायला लागला तर त्याला थांबवलं. “मी प्रतिज्ञेवर सांगन.” न्यायाधीश तरुण होते, त्यांनी मान हलवून होकार दिला. बाबा वीस मिनिटं बोलले. आवाज एकदाही कापला नाही.

मग वच्छला. चंपतच्या वकिलानं फार आडवंतिडवं विचारलं नाही. “सात फेरे झाले?”

ती बाबांकडे बघत होती. वकिलानं पुन्हा विचारलं.

“नाई.”

“मंडपात नाहीत, पण घरात? कुठं आत?”

“नाई.”

“जुन्या चालीचं काहीच झालं नाही?”

“काई नाई झालं.”

प्रत्येक ‘नाई’गणिक बाबांची पाठ ताठ होत होती. चंपत इतका वेळ बोटं मोडत, खाली बघत बसला होता. तिनं ‘नाई’ म्हटलं तसं त्यानं दचकून तिच्याकडे पाहिलं. मग रुमाल काढून तोंड पुसलं. खऱ्या बोलण्याचा असाच धाक असतो, त्याला सहन झालं नसणार.

माय व्हरांड्यात बसली होती. बाहेर आल्यावर तिनं वच्छलाला विचारलं, “काय सांगतलं तू?” वच्छला म्हणाली, “जे सांगाचं व्हतं थेच.” मायनं तिच्या गालावर चापट मारली, अगदी हळू, मग तोच हात तिच्या गालावर तसाच ठेवला.

१७ जानेवारी १९७९, बुधवार

निकाल लागला.

विवाह शाबीत होत नाही. अर्जदारीण क्रमांक एक ही सामनेवाल्याची कायदेशीर पत्नी ठरत नसल्यानं तिचा अर्ज नामंजूर. अर्जदारीण क्रमांक दोन, कुमारी गौतमी, ही सामनेवाल्याची अनौरस मुलगी असल्याचं कबुलीनं शाबीत होत असल्यानं तिला दरमहा तीस रुपये.

न्यायाधीशांनी निकालात लिहिलं आहे की अर्जदारीण सत्यवचनी आहे आणि कोर्टाला तिच्याविषयी सहानुभूती वाटते. त्यांचा मी राग तरी कसा करू? त्यांच्यासमोर जे ठेवलं त्यावर त्यांनी लिहिलं, आणि जे ठेवलं ते माझ्या अक्षरात होतं.

घरी गौतमी अभ्यास करत होती. मला बघून उठून आली. “मामा, आपन जिकलो का?” मी म्हटलं, तू जिंकलीस. वच्छलानं माझ्या हातातला कागद घेतला, एकेक अक्षर लावत वाचत गेली आणि त्या शब्दापाशी तिचं बोट थांबलं. “ह्याचा अर्थ काय व्हते?” मी गौतमीला बाहेर पाठवलं. तिला कळलं. कागदाची घडी करून तिनं माझ्या खिशात ठेवली आणि भाकरी टाकायला गेली.

२१ जानेवारी, रविवार

वर्गाला गेलो नाही. माय तुरीच्या शेंगा सोलत होती, मी तिच्याजवळ जाऊन बसलो. बाबा वावरात गेले होते.

ती आपणहून बोलली. “फेरे झालते.”

“कुठं?” मी विचारलं.

“मागच्या घरात. जात्याभोवती. सात. मी मोजले. मंडपात तुहे बाबा लोकाईले चाय पाजत व्हते. मले भेव वाटलं, बाप्पा. पह्यल्या दोन पोरी गेल्या माह्या. म्हनलं, हे एक तरी जगू दे, इचा संसार व्हऊ दे. चंपत हासला, म्हने, मामी, तुमच्यासाठी सात काय, सत्तर घेतो. प्रयागबाईनं गाठ मारली. थो पंचा चंपतचा व्हता.”

प्रयागबाई माझी मावशी. तिला जाऊन दोन वर्षं झाली.

मी विचारलं, मला का नाही सांगितलंस? आणि विचारतानाच उत्तर समोर दिसत होतं.

“तू इचारलं कवा? मी दारात उभी राह्यली तं तू मलेच शिकवाले लागला. मंग तू गाठ चुलीत जायली. अन् वच्छीनं माहा हात आपल्या डोक्सावर ठेवून घेतला. म्हने, माय, बाबाले समजलं तं थे खचतीन. बावीस वर्स लोकाईपुढं छाती काढून चालले, अन् घरातच असं झालं हे त्याईनं कोर्टात आयकाचं?”

म्हणजे मी खोटं सांग म्हटलं तेव्हा ती हसली ती याला हसली. मी जे खोटं समजत होतो तेच खरं होतं, आणि तिचं खरं म्हणून मी जे वहीत मिरवलं ते खोटं होतं. तिनं बापासाठी स्वतःचं लग्न नाकारलं, भर कोर्टात, तीनदा. आणि मी? मी पुरावा चुलीत घातला आणि धुराला नावं ठेवली. मला माझीच इतकी शरम कधी वाटली नव्हती.

२८ जानेवारी, रविवार

फुलचंद वकिलांना सगळं सांगितलं, पंच्यासकट. रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी कायद्याचं पुस्तक काढून पानं उलटली. मग म्हणाले, वरच्या कोर्टात जाता येईल. एक महत्त्वाची साक्ष राहून गेली, प्रकरण पुन्हा चौकशीला पाठवा, असं म्हणता येईल. वच्छलावर खोटं बोलल्याचा ठपका येऊ शकतो, पण बापासमोर उभी असलेली लेक का बोलली हे कोर्टालाही समजतं. खात्री देत नाही. नव्वद दिवसांची मुदत आहे. नकलेला लागलेले दिवस धरून तेवीस एप्रिल. “पण एक गोष्ट. सही तिची लागेल. ती काय म्हणते ते नीट ऐका, आपलं घुसडू नका.”

४ फेब्रुवारी, रविवार

वच्छलाला विचारलं. या वेळी काही समजावलं नाही, शिकवलं नाही. दोन्ही वाटा सांगितल्या आणि गप्प बसलो. ती म्हणाली, “नाई, भाऊ. बाबा हायेत तवर नाई.” मी म्हटलं, बरं.

२ मार्च, शुक्रवार

बाबांना निकालाचं दुःख आहे, पण त्यात एक वाक्य त्यांना सापडलं आहे. ‘जुन्या रूढीचा कोणताही विधी झाला नाही हे निर्विवाद आहे.’ येणाऱ्याजाणाऱ्याला ते माझ्याकडून वाचून घेतात. म्हणतात, “लेकीचा हक्क मारला त्याईनं. पन हे तं सरकारी शिक्क्यानिशी लिहून द्या लागलं का नाई?” आज उकंडराव गुरुजींसमोर मी ते वाचत होतो आणि वच्छला पाणी घेऊन आली. पेला गुरुजींच्या हातात देऊन ती शांतपणे परत गेली.

तीस रुपयांची पहिली मनिऑर्डर आली. तिनं परत पाठवली. पोस्टमन म्हणाला, कारण लिहा. मी लिहिलं, ‘घेणार राजी नाही.’

२५ मार्च, रविवार

परीक्षा झाली. सोपी गेली याचंच वाईट वाटलं.

८ एप्रिल, रविवार

वरच्या कोर्टाचा अर्ज लिहून तयार केला आहे, फुलचंद वकिलांनी तपासूनही दिला. फक्त सहीची जागा रिकामी आहे. तिच्यासमोर ठेवला. म्हटलं, वच्छे, पंधरा दिवस राहिले. तिनं कागदाकडे पाहिलं, मग बाहेर बाबांकडे. “नाई म्हनलं ना,” म्हणाली. आवाज बारीक होता. मी कागद उचलला.

लिलाबाई मला म्हणाली, “तुमी तिले अजून एकडाव म्हना.” मी म्हटलं, आयुष्यभर मीच बोलत आलो. आता ती जे बोलते ते तसंच्या तसं ऐकायचं असं ठरवलं आहे. जबरदस्तीनं सही घेणं कायद्यातही बसत नाही.

लिलाबाईनं कपाळाला हात लावला.

२३ एप्रिल, सोमवार

सकाळी अर्ज पिशवीत घालून निघालो. वच्छला अंगणात खाटेवर कुरड्या घालत होती. तिनं पिशवीकडे पाहिलं. मी थांबलो, तिनं काही सांगितलं तर ऐकायचं म्हणून. ती म्हणाली, “ऊन लागन, दुपट्टा घे डोक्साले.” मी दुपट्टा घेऊन निघालो.

फुलचंद वकील पाच वाजेपर्यंत कचेरीत बसून होते. पाच वाजता त्यांनी दौतीचं झाकण लावलं. वर्गाचा निकाल त्यांच्याकडे आला होता. मी पहिल्या वर्गात पास आहे. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, अभिनंदन म्हणाले नाहीत. त्याबद्दल मी त्यांचा आभारी आहे.

घरी आलो तेव्हा ती वाळलेल्या कुरड्या डब्यात भरत होती. गौतमी बाबांना धडा वाचून दाखवत होती, तिचा आवाज आत येत होता.

“गेली का मुदत?” वच्छलानं विचारलं.

“गेली.”

तिच्या हातातली कुरडई मोडली. ती तशीच खाली बसली आणि पदर तोंडात धरून रडायला लागली. दोन वर्षांत मी तिला रडताना पाहिलं नव्हतं, निकालाच्या दिवशीही नाही. मी घाबरलो. म्हटलं, वच्छे, तूच तर नाही म्हटलं होतंस. दोनदा विचारलं मी. तू म्हणालीस तसंच केलं.

बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून ती अगदी हळू बोलली.

“मी तं नाईच म्हननार व्हती, भाऊ. लेक हाय मी त्याईची. पन मले वाटलं, तू माहं आयकनार नाईस. तू कवा आयकलं माहं?”